पाठलाग, पाठपुरावा आणि तगादा : फोनवरील एका इंग्रजी–मराठी शब्दकोशाचे परीक्षण

बडोद्यातील मराठी घरांत अलीकडे बराच वापरला जाऊ लागलेला, वर्षाला ३०० रुपये वर्गणी असलेला एक इंग्रजी–मराठी शब्दकोश मी भाषांतराच्या रोजच्या कामासाठी फोनवर वापरते. शब्दकोशाचा कस अवघड आणि क्वचित भेटणाऱ्या शब्दावर लागत नाही, कारण तसा शब्द बहुधा एकाच अर्थाचा असतो आणि त्याचा प्रतिशब्द कोणत्याही जुन्या कोशातून उचलता येतो. खरा कस लागतो तो शाळकरी मुलालाही ठाऊक असलेल्या, पण दहा ठिकाणी दहा वेगळी कामे करणाऱ्या शब्दावर. म्हणून या परीक्षणासाठी मी मुद्दाम एकच शब्द घेतला आहे : कोणाच्या तरी मागे धावणे या अर्थाचा, सगळ्यांच्या परिचयाचा इंग्रजी शब्द 'चेस'.

हा शब्दकोश कोणासाठी आहे, हे आधी सांगितले पाहिजे, कारण माझे सगळे आक्षेप त्यावर उभे आहेत. पुण्या-मुंबईतल्या मुलाला मराठी शब्द रस्त्यावर, दुकानाच्या पाटीवर, बसमध्ये कानावर पडत राहतात. बडोद्यात दांडिया बाजारातल्या किंवा रावपुऱ्यातल्या मराठी घरातले मूल रस्त्यावर गुजराती बोलते, शाळेत इंग्रजी लिहिते आणि मराठी त्याला घरात, आजी-आजोबांकडून आणि गणेशोत्सवातल्या कार्यक्रमांतून मिळते. त्याची मराठी गोड असते, पण तिचा आवाका घरापुरता असतो. त्याला इंग्रजी शब्द आधी येतो आणि मराठी शब्द तो शोधायला जातो. अशा मुलासमोर शब्दकोशाने जो शब्द पहिला ठेवला, तोच त्याच्या तोंडी बसणार आणि जो ठेवला नाही, तो बहुतेक त्याला कधीच भेटणार नाही.

आता नोंद पाहू. वरती ठळक अक्षरांत इंग्रजी शब्द, शेजारी देवनागरीत उच्चार, उच्चार ऐकवणारे छोटे चिन्ह आणि खाली क्रियापद म्हणून चार अर्थ येतात : पाठलाग करणे, शिकार करणे, हाकलणे, धातूवर कोरीव काम करणे. त्यानंतर नाम म्हणून पाठलाग आणि शिकार हे दोन शब्द त्यांच्या लिंगासह दिलेले आहेत. शेवटी तीन उदाहरणवाक्ये आहेत आणि त्या तिन्हींत कोणी ना कोणी चोराच्या मागे धावते. मराठी नामाचे लिंग प्रत्येक ठिकाणी देण्याची पद्धत मला फार आवडली. अमराठी वातावरणात वाढणाऱ्या मुलांचे नेमके तिथेच अडते आणि पुष्कळ कोश तिकडे लक्षच देत नाहीत.

उच्चाराची बाजू मात्र अर्धीच सांभाळली आहे. देवनागरीत 'चेस' असे लिहिले की ते बुद्धिबळाच्या इंग्रजी नावाचेही लेखन होते. ध्वनिमुद्रित उच्चार ऐकला तर या शब्दातला लांबलेला, किंचित 'इ'कडे झुकणारा स्वर आणि बुद्धिबळातला ऱ्हस्व स्वर यांतला फरक स्पष्ट कळतो, पण देवनागरी लेखनात तो दाखवलेला नाही. देवनागरीतून शोध घेतला तर पहिल्यांदा बुद्धिबळच समोर येते. इंग्रजी वर्णाक्षरे टाइप करणाऱ्याला ही अडचण येणार नाही, परंतु देवनागरी शोधाची सोय दिली आहे ती घरातल्या वडीलधाऱ्यांसाठीच, आणि त्यांनाच ती फसवते.

नोंदीच्या रचनेबद्दल माझा पहिला गंभीर आक्षेप असा, की इंग्रजीत एकाच अक्षरांनी लिहिले जाणारे निरनिराळे शब्द येथे एका पंक्तीत बसवले आहेत. मागे धावणे या अर्थाचा शब्द इंग्रजीत जुन्या फ्रेंचमधून आला आणि त्याचे मूळ लॅटिनमधील पकडणे, पकडू पाहणे या अर्थाच्या क्रियापदात आहे. क्रिकेटमध्ये झेलासाठी वापरला जाणारा 'कॅच' हा त्याचाच सख्खा भाऊ. तो उत्तर फ्रान्सच्या बोलीतून आला आणि हा मध्य फ्रान्सच्या, एवढाच फरक. धातूवरच्या नक्षीचा 'चेस', छापखान्यातल्या लोखंडी चौकटीचा 'चेस' आणि भिंतीतल्या खाचेचा 'चेस' मात्र लॅटिनमधील पेटी किंवा बंदिस्त जागा या अर्थाच्या शब्दकुळातून आले आहेत. आणखी मागे गेले तर ही दोन्ही कुळे घेणे, धरणे या एकाच लॅटिन धातूपाशी पोचतात असे भाषाशास्त्रज्ञ मानतात, पण इंग्रजीत येईपर्यंत त्यांचे मार्ग पूर्ण वेगळे झाले होते. चांगला कोश अशा शब्दांना वेगवेगळे शीर्षक-क्रमांक देतो. येथे तसे न केल्यामुळे चोराच्या मागे धावणे आणि चांदीवर नक्षी उमटवणे यांचा काहीतरी आतला संबंध असावा, असा वाचणाऱ्याचा समज होतो.

त्याहून मोठी उणीव पहिल्याच अर्थात आहे. मागे लागण्याच्या क्रियेसाठी मराठीकडे जे शब्दभांडार आहे, ते या नोंदीत जवळजवळ आलेलेच नाही. पोलीस चोराचा पाठलाग करतात हे बरोबर. परंतु आई गॅलरीतल्या कबुतरांचा पाठलाग करत नाही, ती त्यांना हुसकावते. शेतकरी पिकात शिरलेल्या गुरांना पिटाळून लावतो. गुन्हेगार दिसत नसेल पण त्याच्या खुणांवरून पोलीस पुढे सरकत असतील, तर ते त्याच्या मागावर असतात. एखादा माणूस नको म्हटले तरी सोडत नसेल, तर तो पिच्छा पुरवतो. मुले अंगणात एकमेकांच्या मागे धावतात ती पाठशिवणी, आणि या शब्दात पाठीला शिवण्याची क्रिया जशीच्या तशी दिसते. यातला 'पाठलाग' आणि हुसकावण्याच्या जवळचा 'हाकलणे' एवढेच शब्द नोंदीत आहेत, बाकीचे नाहीत.

कचेरीतील आणि व्यापारातील अर्थ तर मी पहिल्यांदा पाहिलेल्या आवृत्तीत पूर्णपणे सुटला होता, आणि बडोद्यासारख्या शहरात इंग्रजीतील हा शब्द सर्वांत अधिक लिहिला जातो तो त्याच अर्थाने. मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत छोटे कारखाने चालवणाऱ्यांच्या पत्रव्यवहाराचे भाषांतर मी करते. त्यांच्या प्रत्येक चौथ्या-पाचव्या पत्रात थकलेली रक्कम, अडकलेला माल किंवा न आलेला परवाना यांच्या मागे लागण्याची गोष्ट असते आणि तिथे हाच इंग्रजी शब्द येतो. मराठीत येथे दोन निराळे शब्द आहेत आणि त्यांतला फरक मोलाचा आहे. अर्ज, तक्रार, मागणी यांच्या मागे चिकाटीने राहणे म्हणजे पाठपुरावा. तो सरकारी पत्रातही सन्मानाने लिहिता येतो आणि केलेल्याचे श्रेयही घेता येते. पैशासाठी पुनःपुन्हा मागणी करणे म्हणजे तगादा. त्यात मागणाऱ्याची निकड आणि देणाऱ्याची टाळाटाळ दोन्ही येतात, आणि तो शब्द पत्रात कुठे वापरायचा, कुठे टाळायचा, हे जाणकार माणूस तोलून ठरवतो. या शब्दकोशातल्या वाक्य भाषांतरित करण्याच्या सोयीला मी पैसे थकल्याबद्दलचे एक साधे इंग्रजी वाक्य दिले, तेव्हा तिने 'आम्ही देयकाचा पाठलाग करत आहोत' असे उत्तर दिले. व्याकरणात चूक नाही, लिंगवचनही बरोबर आहे, आणि तरीही असे वाक्य आजवर कोणा मराठी व्यापाऱ्याने लिहिलेले नाही.

येथे या शहराच्याच इतिहासाची आठवण होते. सयाजीराव गायकवाडांच्या कारकिर्दीत, १९३१ साली, बडोदे सरकारने श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु प्रसिद्ध केला आणि त्यात राज्यकारभारातल्या इंग्रजी संज्ञांना मराठी, गुजराती, संस्कृत, हिंदी, बंगाली, उर्दू आणि फारसी प्रतिशब्द दिले. त्यातले कित्येक प्रतिशब्द आज जड वाटतील. पण कचेरीतल्या माणसाला कामाच्या जागी शब्द लागतो, हे ओळखून शब्द गोळा करण्याची ती दृष्टी होती. आजच्या कोशकारांना संगणकाची सगळी मदत असताना कचेरीचा अर्थच सुटावा, हे मला मनापासून खटकले.

खेळाच्या बाबतीत नोंदीत एक अक्षरही नाही, आणि ही उणीव कोणताही मुलगा पहिल्या दिवशी शोधून काढील. बडोद्याजवळच्या कोटंबी येथील नव्या मैदानावर १४ फेब्रुवारी २०२५ रोजी महिला प्रीमिअर लीगच्या त्या हंगामाचा पहिला सामना झाला. गुजरात जायंट्सने २०१ धावा केल्या आणि रॉयल चॅलेंजर्स बंगळुरूने २०२ धावांचे लक्ष्य सहा गडी राखून गाठले. तोपर्यंतच्या त्या स्पर्धेतील तो सर्वांत मोठा यशस्वी पाठलाग होता. क्रिकेटमध्ये मराठीने पाठलाग हा शब्द स्वीकारला आहे आणि तो छान रुळला आहे. त्याच्या जोडीला लक्ष्य गाठणे, आव्हान पार करणे हेही प्रयोग वृत्तपत्रांत रोज येतात. पाठलाग चोराचाही होतो आणि धावांचाही होतो, एवढे एका उदाहरणवाक्याने दाखवता आले असते.

खो-खोचा मुद्दा अधिक बारीक आहे आणि मला तो अधिक महत्त्वाचा वाटतो. हा खेळ मुळातच पाठलागाचा. एका संघाचे आठ गडी मधल्या पट्ट्यात आळीपाळीने विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात, नववा धावणाऱ्यांच्या मागे लागतो, मधली पाटी ओलांडत नाही, एकदा घेतलेली दिशा खांबापर्यंत बदलत नाही आणि दमला किंवा कोन साधला की बसलेल्या गड्याला पाठीमागून खो देतो. इंग्रजी नियमपुस्तकांत मागे धावणाऱ्या गड्याला 'चेसर' म्हणतात. मराठी क्रीडावृत्तांत मात्र त्या बाजूच्या खेळाला आक्रमण आणि पळणाऱ्यांच्या खेळाला संरक्षण असे शब्द आहेत. अमक्याने आक्रमणात चार गडी बाद केले, तमक्याने दोन मिनिटे संरक्षण केले, असेच वाक्य छापून येते. खो-खोचे नियम १९२४ साली बडोद्याहून छापून प्रसिद्ध झाले होते आणि या शहरातल्या आखाड्यांनी व व्यायाममंदिरांनी देशी खेळ जपले. त्या शहरातल्या मुलाने इंग्रजी नियम वाचून हा कोश उघडला, तर आक्रमण हा शब्द त्याला मिळणार नाही.

शिकारीच्या अर्थाकडे वळू. नोंदीत शिकार करणे हा प्रतिशब्द आहे, परंतु शिकार या शब्दात सावज मारले जाणे गृहीत असते. इंग्रजी शब्दाचा भर धावपळीवर आहे, सावज मिळो अथवा निसटो. सावजामागे रान तुडवणे यासाठी मराठीत पारध हा नेमका शब्द आहे आणि संस्कृतातून आलेला मृगया आहे. बडोद्याला तर या अर्थाचा प्रत्यक्ष इतिहास आहे. गायकवाडांच्या पदरी शिकारीसाठी पाळलेले चित्ते होते. डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या चित्त्याला बैलगाडीतून रानात नेत, काळविटांचा कळप टप्प्यात आला की पट्टी काढून त्याला मोकळे सोडत, आणि पुढची सगळी गोष्ट काही शे मीटरांच्या त्या एका धावेत संपत असे. चित्त्याचा दम तेवढाच असतो. काळवीट तेवढ्यात हाती लागले नाही तर तो धाव सोडून देतो. भारतातून चित्ता नामशेष झाल्याचे १९५२ साली जाहीर झाले. ते रान, ती गाडी आणि ती माणसे गेल्यावर त्यांचे शब्द राहण्याची जागा कोशच असते, म्हणून पारध या शब्दाचे येथे नसणे मला साधी चूक वाटत नाही.

इंग्लंडमध्ये हाच शब्द शिकारीसाठी राखलेल्या रानालाही लावतात. स्टॅफर्डशायरमधील कॅनक चेस हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. राजाच्या मालकीचे ते 'फॉरेस्ट' आणि सरदाराच्या मालकीचे ते 'चेस' असा जुना भेद होता. शाळकरी कोशात हे नसले तरी चालेल, पण सशुल्क कोशात 'शिकारीचे राखीव रान' एवढी ओळ असावी.

धातूकामाचा अर्थ दिला आहे याचे कौतुक, परंतु तो चुकीचा दिला आहे. घडियाळी पोळेच्या परिसरात चांदीचे काम चालते तिथे हे काम पाहता येते. देवघरातल्या मूर्तीमागच्या प्रभावळीसाठी चांदीचा पत्रा मऊ केलेल्या राळेवर बसवतात, मागच्या बाजूने ठोकून पानाफुलांचा उठाव काढतात, मग पत्रा उलटून पुढच्या बाजूने बोथट तोंडाच्या लहान लहान छिन्न्यांनी पानाच्या शिरा, पाकळ्यांच्या कडा आणि मोराच्या पिसाऱ्यातली रेघ न् रेघ दाबून उमटवतात. मागून काढलेल्या उठावाला इंग्रजीत वेगळे नाव आहे आणि पुढून केलेल्या या कामाला 'चेसिंग' म्हणतात. त्यात चांदीचा कणही निघत नाही. ती फक्त सरकते, दबते, वळते. कोरण्यात मात्र टोकदार हत्याराने धातू खरवडून काढला जातो आणि त्याचा कीस खाली पडतो. हे दोन वेगळे व्यवहार आहेत, त्यांची हत्यारे वेगळी आणि बहुधा कारागीरही वेगळे. 'कोरीव काम' हा प्रतिशब्द देऊन शब्दकोशाने दोन्ही एक करून टाकले आहेत. 'ठोकून उमटवलेली नक्षी' असे सरळ लिहिले असते तरी अर्थ अचूक पोचला असता.

छापखान्याचा अर्थ नोंदीत नाही. जुळाऱ्याने खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरे, जुळवून पान तयार केले की ते लोखंडी चौकटीत ठेवून, मोकळ्या जागी पट्ट्या भरून, पाचरींनी घट्ट कसत असत. ती चौकट म्हणजे चेस, आणि छापखान्यातली माणसे तिला चेसच म्हणत. कसणे सैल राहिले तर चौकट उचलताच पानभर खिळे खाली विखुरत आणि जुळाऱ्याचे सगळे काम वाया जाई. बडोदे संस्थानच्या सयाजी साहित्यमाला या ग्रंथमालेची पुस्तके याच रीतीने खिळे जुळवून निघाली, म्हणून बडोद्याच्या मराठी वाचकाला हा शब्द परका वाटण्याचे कारण नाही.

भिंतीतल्या खाचेचा अर्थही सुटला आहे. विजेच्या तारांची नळी भिंतीत बसवण्यासाठी कारागीर जी झिरी मारतो, तिला स्थापत्याच्या इंग्रजीत हाच शब्द आहे. घरबांधणीचे करारपत्र भाषांतरित करताना तो हमखास येतो आणि आडवी झिरी उभीपेक्षा भिंतीला अधिक दुबळी करते, म्हणून तिच्या खोलीवर कडक मर्यादा घातलेली असते. अशा कलमात अर्थ चुकला तर प्रश्न शब्दापुरता राहत नाही.

विशेषनामांची अपेक्षा मी शब्दकोशाकडून करत नाही, पण वाक्य भाषांतरित करण्याची सोय दिली असेल तर विशेषनाम ओळखता आले पाहिजे. बडोद्यातील अनेक घरांतली मुले अमेरिकेत आहेत आणि तिथल्या चेस बँकेची कागदपत्रे येथे आई-वडिलांकडे येतात. १८७७ साली स्थापन झालेल्या त्या बँकेला लिंकन यांच्या मंत्रिमंडळातील अर्थमंत्री सॅमन चेस यांचे आडनाव दिले होते. मागे धावण्याशी त्याचा संबंध नाही. या सोयीने तिचे भाषांतर 'पाठलाग बँक' असे केले. वृद्ध माणूस असे वाचून कागद बाजूला ठेवील.

इतके आक्षेप घेऊनही हा शब्दकोश मी वापरणे सोडलेले नाही आणि त्याची कारणे खरी आहेत. इंटरनेट नसताना तो पूर्ण चालतो. अक्षर मोठे करता येते आणि देवनागरीतली जोडाक्षरे मोठ्या आकारातही नीट दिसतात. जाहिराती नाहीत. मराठी क्रियापदाला कोणता विभक्तिप्रत्यय लागतो, म्हणजे एखाद्याचा पाठलाग करतात की एखाद्याला पाठलाग करतात, हे तो कंसात सांगतो आणि गुजरातीच्या सहवासात मराठी बोलणाऱ्यांना त्याचा फार उपयोग होतो. साध्या, एकार्थी नामांच्या बाबतीत, म्हणजे भाज्या, हत्यारे, शरीराचे अवयव, नातेसंबंध यांत, मला तो विश्वासार्ह आढळला. चुलत, मावस, आते, मामे ही भावंडे त्याने वेगळी दाखवली आहेत, हे पाहून समाधान वाटले.

नोंदीखाली शब्द सुचवण्यासाठी जागा आहे. तिथे मी पाठपुरावा, तगादा, पिटाळणे, हुसकावणे, मागावर असणे, पारध आणि खो-खोतील आक्रमण हे शब्द एकेका वाक्यासह पाठवले. त्यानंतरच्या सुधारित आवृत्तीत पाठपुरावा हा शब्द आला आहे आणि त्याचे उदाहरणवाक्य कचेरीचेच आहे. बाकीचे अजून आलेले नाहीत. वाचकांच्या सूचना कोणीतरी वाचते, एवढे यावरून नक्की कळते, म्हणून ज्यांच्याकडे हा शब्दकोश आहे त्यांनी आपापल्या व्यवसायातले शब्द तिथे जरूर लिहावेत. सोनारकाम, वीजकाम, बांधकाम करणाऱ्यांनी तर अगत्याने लिहावेत.

शाळकरी मुलासाठी आणि घरगुती वाचनासाठी वर्षाचे ३०० रुपये योग्य आहेत, मात्र मोठ्या कोणीतरी सोबत बसून उदाहरणवाक्ये वाढवून सांगावीत. करारपत्रे, बँकेची कागदपत्रे आणि वसुलीची पत्रे यांसाठी त्यातील वाक्य-भाषांतराची सोय वापरू नये. शिकारीच्या, धातूकामाच्या आणि छापखान्याच्या शब्दांसाठी सध्या तरी जुना छापील कोश हाताशी ठेवावा लागेल.